बोंबील, सुकट, सुकट

कृष्णाबाई घरत यांना इटालियनचा एक शब्द येत नव्हता, तरी त्या भाषेतली चूक त्यांना स्वयंपाकघरात बसून ऐकू यायची.

त्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्या इमारतीत राहतो. खांदा कॉलनीच्या कडेला जिथे आज पार्किंगच्या पिवळ्या रेघा आहेत, तिथे त्यांचं भाताचं खळं होतं. नवा भाडेकरू आला की त्या लिफ्टमध्येच त्याला हे सांगतात, आणि त्याच दमात, "तुमची गारी आमच्या खल्यात तिरकी उभी हाय," असंही सांगतात. माणूस ओशाळून गाडी सरळ करायला खाली जातो. गाडी बहुतेक वेळा सरळच असते.

कृष्णाबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई लागते. ती पुढे गाते, मागे बसलेल्या बायका तिची ओळ जशीच्या तशी झेलतात. धवल्यात सगळ्यांना निवता, म्हणजे आमंत्रण, असतो: गावदेवीला, खाडीला, उंबराला, जात्याला, वरवंट्याला. कृष्णाबाईंच्या गाण्यात एक निवता जास्तीचा आहे. त्यांच्या गुरू गंगाबाई यांनी तो लावून दिला होता. सगळे देव, सगळी झाडं येऊन बसली की शेवटच्या कडव्यात रुसलेल्या माणसाला बोलवायचं. जो कोणी आपल्याशी बोलत नाही, त्यानेही मांडवात यावं, त्याच्यासाठी पाट ठेवला आहे, असं. हे कडवं झाल्याशिवाय हळद अंगाला लागली असं गंगाबाई मानत नसत. त्या गेल्या तेव्हा त्यांचा पितळी करंडा कृष्णाबाईंकडे आला. तो पुढ्यात ठेवल्याशिवाय कृष्णाबाई तोंड उघडत नाहीत.

गंगाबाईंच्या हाताखाली दोघी तयार झाल्या होत्या. दुसऱ्या सखूबाई, दिल्या घरी चिरनेरला. वीसेक वर्षं दोघी जोडीने गायल्या. मग एका लग्नात सखूबाईंची पाटावरची थाप एका जागी चुकली आणि कृष्णाबाईंनी माइक हातात असतानाच सांगितलं, "सखू, वजन चुकीच्या जागी परलं." सहाशे माणसांनी ते ऐकलं. त्यानंतर अकरा वर्षं सखूबाई त्यांच्याशी बोललेल्या नाहीत.

"खोटं बोलले काय मी?" कृष्णाबाई अजून विचारतात. "चुकलंच व्हतं."

इटालियन या घरात मोनालीमुळे आलं. मोनाली त्यांची सून. कळंबोलीला मालवाहतुकीच्या एका कचेरीत कागदपत्रं बघते. तिच्या कंपनीचे मालक इटलीचे. तिकडच्या लोकांशी फोनवर बोलता आलं तर वरची जागा मिळेल असं कळल्यावर तिने नवीन पनवेलला मितेश सरांचा क्लास लावला. लेखी परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. तोंडी परीक्षेत मात्र इटलीतल्या जिनोव्हाच्या परीक्षक बाईंनी फोनवर तिला तीनदा "काय?" विचारलं आणि नंतर गोड आवाजात नापास केलं.

त्यानंतर मोनाली सकाळी पोळ्या लाटताना क्रियापदांची रूपं म्हणायला लागली. बोलणे या अर्थाचं क्रियापद सगळ्यांत आधी. पारलो, पारली, पारला. मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते. पारल्यामो, पारलाते, पारलानो. आपण बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. ओट्यावर मोबाइल टेकवलेला असायचा. त्यातली बाई आधी म्हणायची, मोनाली मागून.

कृष्णाबाई खाली बसून सुकट निवडत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"ती बाय एक बोलतंय आन तू दुसराच बोलतंस."

"तेच तर म्हणतेय, आई. पारलानो."

"नाय गो. ती पयल्या पायरीवर उभी ऱ्हातंय आन मंग दोन पायऱ्या घसरत खाली येतंय. तू मधल्या पायरीवर जाऊन बसतंस."

मोनालीने वही काढली. मितेश सरांनी प्रत्येक शब्दाचे तुकडे उभ्या रेघांनी पाडून दिले होते आणि जोर पडतो त्या तुकड्याखाली लाल रेघ ओढली होती. पार, ला, नो. लाल रेघ 'पार'खाली होती. 'आपण'च्या आणि 'तुम्ही'च्या रूपात जोर मधल्या तुकड्यावर सरकतो, 'ते'च्या रूपात तो परत पहिल्यावर येतो. मोनालीचा जोर एकदा पुढे गेला की परत यायला तयार नसायचा.

"माहेरी जायला बोलवलंय त्याला," कृष्णाबाई म्हणाल्या, "आन तू सासरीच डांबून ठेवतंस."

"मी?" मोनाली म्हणाली. "या घरात कोण कोणाला डांबतं ते मी सांगू का?"

कृष्णाबाईंनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांनी डब्यातून सुक्या बोंबलाचा एक तुकडा काढला आणि फरशीवर ठेवला. त्याच्या शेजारी सुकटीचे दोन दाणे.

"ह्यो बोंबील जड. ही सुकट हलकी. बोल. बोंबील, सुकट, सुकट."

"पार, ला, नो."

"आता 'आपन'वाला शब्द."

"पार, ल्या, मो."

"सुकट, बोंबील, सुकट. बघ, किती सोपा हाय."

मी तेव्हा वरून मिक्सरचं भांडं परत द्यायला गेले होते. दारातच थांबले. फरशीवर इटालियन भाषेचं एक आख्खं पान मांडलेलं होतं आणि खिडकीच्या गजातून शेजारचं मांजर त्याचा अभ्यास करत होतं.

पुढचे दोन महिने असेच गेले. 'टेलेफोनानो' हा शब्द, म्हणजे ते फोन करतात, कृष्णाबाईंचा सगळ्यांत लाडका झाला. त्यात पाच तुकडे, आणि जोर दुसऱ्यावर. एक बोंबील, आणि पुढे सलग तीन सुकटी. "ह्याला म्हंतात घसरगुंडी," त्या म्हणायच्या, आणि पदर खोचून तो शब्द मांडीवर वाजवून दाखवायच्या. 'कापीस्को'वरून मात्र वाद झाला. कापीस्को म्हणजे मला समजतं. मोनाली त्याचे तुकडे का, पीस, को असे पाडायची. वहीत ते का, पी, स्को असे होते.

"कुठंही तोड गो," कृष्णाबाई म्हणाल्या, "पन बाय त्या 'पी'ला कशी लांबवतंय ते बघ. तू मधीच 'स'चा दगड टाकतंस, मंग ती लांबवंल कशी?"

मोनालीने दगड उचलून पुढच्या तुकड्यात टाकला. शब्द सुटा झाला. तिने मान्य मात्र केलं नाही. "सर हेच सांगत होते," एवढंच म्हणाली.

क्लासमध्ये मितेश सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि एवढी सुधारणा कशी झाली ते विचारलं. सर जैन आहेत, कांदाही खात नाहीत. मोनाली म्हणाली, "घरी थोडं साहित्य वापरते, सर." सर म्हणाले, साहित्य वर्गात आण, सगळ्यांना उपयोग होईल. तिने अजून नेलेलं नाही. वहीला वास येतो म्हणून शेजारची मुलगी तेवढी जागा बदलून बसली.

मार्चमध्ये जिनोव्हाच्या बाईंनी तिला पास केलं. शेवटी त्यांनी विचारलं म्हणे, की बोलताना मागे टकटक कसली ऐकू येते. कृष्णाबाई दाराआडून पाटावर थाप देत होत्या.

घरात एवढा आनंद होता तेव्हाच नेमकं ते फोटोग्राफरचं झालं.

एप्रिलमधली एक हळद होती. कृष्णाबाई खाडीला निवता देत होत्या, तेवढ्यात काळा टीशर्ट घातलेला फोटोग्राफर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "काकी, जरा शॉर्टमध्ये घ्या ना, ड्रोन उडवायचाय." त्या थांबल्या नाहीत. मग डीजेवाल्याने त्यांच्या आवाजावरच गाणं लावलं आणि मागच्या बायका धवला अर्धा टाकून नाचायला उठल्या. खाडी निम्म्या वाटेत राहिली.

घरी येऊन त्यांनी करंडा फडक्यात बांधून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोनालीला आणि मला समोर बसवलं.

"कोनी ऐकतच नाय," त्या म्हणाल्या. "मी देवाला बोलवतंय का भाजीवाल्याला, कोनाला कलत नाय. मागच्या बाया पन पोपटासारख्या झेलतात. आता आभाची हलद हाय." आभा त्यांच्या भावाची नात. "त्या हलदीत एक कडवं मी बदलून बोलनार. दुसराच कायतरी बोलनार. आभा पाटावरनं उठायच्या आत एका जरी मानसाच्या ध्यानात आलं, तर मरेपरयंत गाईन. नाय आलं, तर त्या दिवशी सोरलं. करंडा माळ्यावर."

"दुसरं काय बोलणार?" मी विचारलं.

त्यांनी मोनालीकडे बघितलं. मोनालीने कपाळाला हात लावला.

"आई, नको. प्लीज. तिथे माझे सगळे सासरचे असणार."

"तुझे सासरचे म्हंजे माजेच मानसा ना."

"आणि समजा कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तुम्ही गाणं सोडून दिवसभर घरी माझ्याच चुका काढत बसणार," मोनाली म्हणाली. "मग माझी पुढची परीक्षा कोण देणार, मी का तुम्ही?"

पण तिचा आवाज उतरला होता. कृष्णाबाई बोलल्या की करतात, हे तिला माहीत होतं. खळं विकणार नाही म्हणाल्या होत्या, तर विक्रीच्या कागदावर शेवटपर्यंत सही केली नाही, शेवटी इमारतच त्यांच्या अटींवर उभी राहिली. गाणं सोडणार म्हणाल्या तर सोडतील. पुढचे पंधरा दिवस त्यांनी करंडा चिंचेने घासून लख्ख केला, आणि तो निरोपासाठी घासताहेत का लग्नासाठी, हे आम्हाला कळेना.

कोणतं कडवं बदलणार ते त्यांनी सांगितलं नाही. मोनालीने खूप विचारलं. "देवाचं नाय बदलनार," एवढंच म्हणाल्या.

आभाची हळद दुपारी चारला होती. मे महिना. मांडवातले पंखे गरम वारा इकडून तिकडे ढकलत होते. आभा पाटावर बसली. कृष्णाबाईंनी करंडा पुढ्यात ठेवला, माइक घेतला आणि सुरू केलं. गावदेवी आली. खाडी आली, या वेळी पूर्ण आली. उंबर आला, जातं आलं, वरवंटा आला. मागे पंचवीस बायका ओळी झेलत होत्या. मी आणि मोनाली दुसऱ्या रांगेत होतो. मोनाली प्रत्येक ओळीला माझा हात दाबत होती.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गडबड झाली. चिरनेरहून नवऱ्याची उष्टी हळद आली. पाच बायका आत आल्या, आणि पुढे वाटी घेऊन सखूबाई. त्या नवऱ्याकडच्या धवलारीण म्हणून आल्या होत्या. कृष्णाबाईंनी त्यांना बघितलं. सखूबाईंनी मांडवाचं छत बघितलं. बसायला जागा झाली तशा त्या बसल्या, अगदी समोर, तोंड बाजूला करून.

आता फक्त शेवटचं कडवं उरलं होतं. रुसलेल्याचं.

कृष्णाबाईंनी श्वास घेतला, आणि त्याच चालीत, त्याच ठेक्यावर, डोळे अर्धे मिटून गायल्या:

पारलो, पारली, पारला गो,
पारल्यामो, पारलाते, पारलानो.

पंचवीस बायकांनी ते झेललं. एकही अडखळली नाही. बचत गटाच्या अध्यक्षांनी तर शेवटच्या शब्दाला हात वर केला. पहिल्या रांगेत काशीरामदादा बसले होते, ज्यांनी आजवर प्रत्येक लग्नाच्या विधीत एक तरी खोट काढली आहे. ते डोळे मिटून मान डोलवत होते. कृष्णाबाई दुसऱ्यांदा गायल्या. बायकांनी दुसऱ्यांदा झेललं. काळ्या टीशर्टवाला फोटोग्राफर कॅमेरा खाली करून म्हणाला, "एक नंबर, काकी. एकदम ट्रॅडिशनल."

मोनालीला हसू फुटलं, ते तिने माझ्या खांद्यात लपवलं. मग तिने सासूकडे बघितलं आणि हसू गेलं.

कृष्णाबाईंचा चेहरा पडला होता. त्यांनी माइक खाली ठेवला. आभाच्या आईने मुलीला उठवायला हात पुढे केला. कृष्णाबाईंनी करंड्याचं झाकण लावलं आणि तो मोनालीकडे द्यायला मागे वळल्या.

"उठू नको गो, पोरी."

आवाज सखूबाईंचा होता. आभा अर्धी उठलेली, परत बसली.

"ही उष्टी हलद लावाची नंतर," सखूबाई म्हणाल्या. "पयलं मना कोनी सांगा, रुसलेल्याचं कडवं कुठं गेलं?"

 काशीरामदादांनी डोळे उघडले.

"बोलले की," कृष्णाबाई म्हणाल्या. अकरा वर्षांनी सखूबाईंना उद्देशून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

"काय बोललीस?"

"ऐकला नाय तू?"

"ऐकला म्हनून तं इचारतंय. येवऱ्या बाया झेलतात, एकीला कललं नाय. कोनची भाषा ती?"

कृष्णाबाईंनी मोनालीला पुढे ढकललं. मोनाली हळदीने माखलेल्या जमिनीवरून घसरत सखूबाईंपुढे उभी राहिली.

"इटालियन आहे, मावशी."

"आन अर्थ काय तिचा?"

"मी बोलते. तू बोलतेस. ती बोलते," मोनाली म्हणाली. मग जरा थांबून, "आपण बोलतो."

सखूबाईंनी हे मनात फिरवलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण मान सरळ झाली. आता त्या कृष्णाबाईंकडे बघत होत्या.

"अकरा वरसा झाली. कोन बोललं?"

"आता बोलले ना."

"इटालीत बोललीस."

"तिथनं सुरवात केली," कृष्णाबाई म्हणाल्या. "लांबनं यायला लागतंय. तू चिरनेरला राहतंस."

कोणीतरी हसलं. मग अध्यक्षबाई हसल्या, आणि मग बाकीच्यांना आपण काय झेललं ते कळलं. काशीरामदादा शेजाऱ्याला सांगू लागले की मला पहिल्यापासूनच शंका होती.

मोनालीने करंडा सासूच्या हातातून घेतला, झाकण काढलं आणि परत त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आलं ना एकीच्या ध्यानात," ती हळूच म्हणाली. "आभा अजून पाटावर आहे."

"हाय," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांनी नाक पुसलं, मोनालीच्या पदराला. "उद्या पहाटं उठव मना. लगनाचे धवले हायत."

"उद्या सरल आपल्या भाषेत बोल," सखूबाई म्हणाल्या. "माजा पाट कुठं हाय?"

पाट आणला. सखूबाई त्यावर नीट बसल्या, त्यांनी माइक मागितला आणि म्हणाल्या, "आता ह्ये कडवं नवऱ्याकडनं पन होऊ दे. सूनबाय, परत सांग शब्द."

मोनालीने सांगितले. सखूबाईंनी दोनदा ओठांत म्हणून बघितले आणि मग गायल्या. आवाज अजून तसाच होता, थोडा खरखरीत, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. पारलो बरोबर आलं. पारली, पारला बरोबर. पारल्यामोला त्यांनी सुरेख झोका दिला. पारलाते. आणि मग पारलानोला जोर माहेरी परतायचा तो मधल्या तुकड्यावरच बसून राहिला.

पंचवीस बायकांनी तो तसाच झेलला.

मी कृष्णाबाईंकडे बघितलं. मोनालीही बघत होती. माइक त्यांच्यापासून एका हातावर होता. त्यांचे ओठ उघडले. पुन्हा मिटले. त्यांनी छताकडे बघितलं, मग करंड्याकडे. पण पदराखाली त्यांचा उजवा हात मांडीवर आपटला: एक जड, दोन हलक्या.

सखूबाई गाता गाता थांबल्या.

"किश्ने, हात दिसतंय मना."

"थंडी वाजतंय," कृष्णाबाई म्हणाल्या.